वाचकांचे प्रश्न : घरपट्टीची आकारणी मान्य नसेल तर

आर्थिक वर्ष सुरू झाले की घरपट्टीविषयीच्या पत्रांची संख्या वाढते. बहुतेक पत्रांचा सूर सारखाच असतो : "बिल फार आले, ते कमी कसे करून घ्यावे?" प्रश्न समजण्याजोगा असला तरी कायद्याच्या भाषेत तो नीट विचारलेला नाही, कारण कराचे दर महापालिकेची सर्वसाधारण सभा ठरवते आणि ते एकट्या घरमालकाच्या अर्जावरून बदलत नाहीत. ज्याला आव्हान देता येते ते मूल्य आहे, म्हणजे आपल्या घरावर लावलेले करयोग्य मूल्य (अपेक्षित भाड्यावरून काढलेले) किंवा भांडवली मूल्य (बाजारमूल्याच्या दरावरून काढलेले). हे मूल्य क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, वय आणि परिसराचा दर अशा मोजक्या नोंदींवर उभे असते. त्यांपैकी कोणती नोंद चुकली आहे हे दाखवता आले, तरच हरकतीला वजन येते. निवडलेल्या पाच पत्रांची उत्तरे याच दृष्टीने दिली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. उत्तर महाराष्ट्रातील एका महापालिकेच्या हद्दीत आमचे 1998 साली बांधलेले तळमजला व पहिला मजला असे घर आहे. मंजूर नकाशाप्रमाणे दोन्ही मजल्यांचे मिळून बांधकाम 750 चौरस फूट आहे. गेल्या वर्षी सर्वेक्षणासाठी नेमलेल्या संस्थेचा माणूस येऊन गेला, तेव्हा मी मुलीकडे परगावी होते. त्याने बाहेरूनच माप घेतल्याचे शेजारी सांगतात. आता आलेल्या विशेष नोटिशीत क्षेत्रफळ 1,040 चौरस फूट दाखवले असून त्यांपैकी पुढची 120 चौरस फुटांची खोली अनिवासी ठरवली आहे. त्या खोलीत मी पूर्वी शिकवण्या घेत असे; त्या 2021 पासून बंद आहेत. घर अजून माझ्या दिवंगत यजमानांच्या नावावर आहे. मला हरकत घेता येईल का, आणि अर्जात काय लिहावे?

उत्तर : घेता येईल, आणि घ्यावीच. सर्वप्रथम नोटिशीवरील हरकतीची अंतिम तारीख पाहावी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 याच्या अनुसूची 'ड' मधील कराधान नियमांनुसार एखाद्या मिळकतीची नोंद प्रथमच होत असेल किंवा तिचे मूल्य वाढवले जात असेल, तर मालकाला किंवा भोगवटादाराला विशेष नोटीस द्यावी लागते. हरकतीचा लेखी अर्ज त्या नोटिशीत दिलेल्या शेवटच्या दिवसापर्यंत आयुक्तांच्या कार्यालयात पोहोचला पाहिजे. टपालाच्या भरवशावर न राहता विभागीय कार्यालयात अर्ज स्वतः द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेऊन ती पोच जपून ठेवावी. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, तर पहिला प्रश्न या पोचेविषयीच विचारला जातो.

यजमानांच्या नावावर घर आहे म्हणून थांबू नये. नाव हस्तांतरणाचे काम स्वतंत्र आहे आणि त्याला वेळ लागतो. आपण वारस तसेच भोगवटादार आहात, एवढे अर्जात स्पष्ट लिहून मृत्यूच्या दाखल्याची प्रत जोडावी आणि हरकत स्वतःच्या सहीने द्यावी.

अर्ज देण्यापूर्वी आणखी एक काम आहे, जे बहुतेक जण करत नाहीत. आकारणी पुस्तक म्हणजे मिळकतींची मूल्ये नोंदलेली महापालिकेची वही. आपल्या मिळकतीपुरता तिचा भाग विनामूल्य पाहण्याचा आणि त्यातील नोंदी उतरवून घेण्याचा अधिकार नियम 14 ने मालकाला व भोगवटादाराला दिला आहे. कर आकारणी व कर संकलन विभागात जाऊन आपल्या मालमत्ता क्रमांकाची नोंद पाहावी, सर्वेक्षणाचा मोजणी तक्ता मागावा आणि 1,040 हा आकडा कोणकोणत्या मापांची बेरीज आहे ते समजून घ्यावे. नोटिशीत फक्त बेरीज छापलेली असते; चूक मात्र बेरजेतल्या एखाद्या तुकड्यात असते. आपल्या बाबतीत वाढलेले 290 चौरस फूट कोठून आले असतील याचा अंदाज पत्रासोबत पाठवलेल्या नकाशावरून करता येतो : उघडी गच्ची सुमारे 180 आणि वाहन ठेवण्याची मोकळी जागा सुमारे 110. बाहेरून माप घेतले की असे होतेच, कारण जिन्यापासून कंपाउंडपर्यंत सगळे एकाच चौकोनात धरले जाते. एक साधी तपासणीही करावी. काही कागदांवर माप चौरस मीटरमध्ये, तर काहींवर चौरस फुटांत असते. एक चौरस मीटर म्हणजे सुमारे 10.76 चौरस फूट. हे रूपांतर करताना झालेल्या चुका मी एकाहून अधिक वेळा पाहिल्या आहेत. चटई क्षेत्र (भिंतींच्या आतले) आणि बांधीव क्षेत्र (भिंतींसह) यांचीही अशीच गल्लत होते.

आता मूल्याचे गणित पाहू. भाडेमूल्यावर आधारित पद्धतीत, ती जागा वर्षानुवर्षे भाड्याने दिल्यास वाजवीपणे जे वार्षिक भाडे मिळणे अपेक्षित आहे, त्यातून 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढले जाते. ही 10 टक्के वजावट दुरुस्तीसह सर्व खर्चांबद्दल असते, त्यामुळे रंगकाम किंवा गळती यांच्या पावत्या जोडून काही साध्य होत नाही. समजण्यासाठी निवासी दर दरमहा 2 रुपये प्रति चौरस फूट आणि अनिवासी दर 6 रुपये धरू. आपल्या गटाचे खरे दर विभागाच्या तक्त्यात मिळतील. नोटिशीप्रमाणे 920 चौरस फूट निवासी भागाचे वार्षिक भाडेमूल्य 22,080 रुपये आणि 120 चौरस फूट अनिवासी भागाचे 8,640 रुपये, असे एकूण 30,720 रुपये होते. 10 टक्के वजा जाता करयोग्य मूल्य 27,648 रुपये येते. गच्ची आणि मोकळी जागा वगळली तर ते 21,384 रुपयांवर येते. खोलीचा वापरही निवासी झाला तर 750 चौरस फुटांचे मूल्य 16,200 रुपये राहते. सर्व करांची बेरीज करयोग्य मूल्याच्या 40 टक्के मानली, तर वार्षिक कर 11,059 रुपयांवरून 6,480 रुपयांवर येतो. यातून एक गोष्ट ध्यानात यावी : 290 चौरस फुटांच्या चुकीमुळे मूल्य 6,264 रुपयांनी वाढले, तर अवघ्या 120 चौरस फुटांच्या खोलीचा वापर बदलल्यामुळे ते 5,184 रुपयांनी वाढले. म्हणून क्षेत्रफळावर सगळा भर देऊन वापराचा मुद्दा शेवटच्या ओळीत लिहू नये.

वापर अनिवासी धरला आहे की नाही हे बिलावरूनही ओळखता येते. राज्य शासनाचा रोजगार हमी उपकर निवासी वापराच्या इमारतींवर नसतो. आपल्या बिलात त्या नावाची रक्कम दिसली, तर घराचा काही भाग अनिवासी धरला गेला आहे असे समजावे.

शिकवण्या बंद आहेत हे नुसते लिहून पुरणार नाही. आपण पत्रात लिहिलेले नाही, परंतु पाठवलेल्या छायाचित्रात फाटकावर शिकवणीचा फलक अजून दिसतो. सर्वेक्षण करणाऱ्याने खोलीत डोकावलेही नसेल. त्याने फलक पाहून वापर लिहिला असणार. फलक काढावा, खोलीची सध्याची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत, वीजजोडणी निवासी दराची असल्यास त्या बिलाची प्रत जोडावी आणि शिकवण्या कोणत्या महिन्यापासून बंद आहेत याचे स्वयंघोषणापत्र द्यावे. शिकवण्या चालू असत्या, तर मी हा मुद्दा सोडून देण्याचा सल्ला दिला असता. प्रत्यक्ष पाहणीत खोटे उघडे पडले की गच्चीबद्दलच्या खऱ्या हरकतीवरचा विश्वासही जातो.

अर्जात हरकतीची कारणे थोडक्यात पण पूर्णपणे लिहावीत, अशी नियम 16 ची अपेक्षा आहे. आपला अर्ज एका पानाचा असावा. नोटिशीचा क्रमांक व तारीख, मालमत्ता क्रमांक, नोटिशीतील क्षेत्रफळ, मंजूर नकाशातील क्षेत्रफळ, फरक कशाचा आहे, खोलीचा खरा वापर, आपल्या मते योग्य असलेले करयोग्य मूल्य, आणि शेवटी आपल्या उपस्थितीत फेरमोजणी करावी अशी मागणी, एवढे पुरे आहे. सोबत मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला जोडावा. शेजारच्या त्याच बांधणीच्या, त्याच वर्षाच्या घराचे मूल्य कमी असेल, तर त्याचा मालमत्ता क्रमांक आणि बिलाची प्रत शेजाऱ्यांच्या संमतीने द्यावी. सारख्या घरांना सारखे मूल्य हा मुद्दा सुनावणीत चटकन समजतो. निवृत्तिवेतन अपुरे आहे, रस्त्यावर दिवे नाहीत, पाणी दिवसाआड येते हे सगळे खरे असेल, पण त्याचा करयोग्य मूल्याशी संबंध नाही आणि त्यामुळे अर्जातला मुख्य मुद्दा झाकला जातो.

सुनावणीची तारीख, वेळ व ठिकाण आपल्याला कळवले जाईल. त्या दिवशी जावेच, कारण अर्जदार हजर नसला तरी अर्ज निकाली काढण्याची मुभा नियमात आहे. प्रकृतीमुळे जाता येत नसेल, तर मुलीला किंवा विश्वासातल्या व्यक्तीला अधिकारपत्र द्यावे, किंवा सबळ कारण देऊन आधीच तारीख वाढवून मागावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीत 34 सदनिका आहेत. सर्वांचे करयोग्य मूल्य एकदम वाढवले. सोसायटीच्या लेटरहेडवर एक हरकत दिली होती. सुनावणी झाली असे म्हणतात, पण आदेश मिळाला नाही. नंतर थेट वाढीव बिले आली. कार्यालयात "अर्ज निकाली" एवढेच सांगतात. आता न्यायालयात जाता येईल का? तोपर्यंत बिल भरले नाही तर चालेल का?

उत्तर : पत्रातली पहिली अडचण हरकत एकत्र दिल्याची आहे. आकारणी पुस्तकात प्रत्येक सदनिकेची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे हरकतही प्रत्येक मालकाच्या सहीची आणि स्वतंत्र असावी. सोसायटीने सामाईक मुद्द्यांचा मसुदा तयार करून द्यावा, 34 अर्ज एकाच दिवशी दाखल करावेत आणि अधिकारपत्रे घेऊन सचिवांनी सुनावणीला उपस्थित राहावे, ही पद्धत अधिक सुरक्षित आहे.

सुनावणीचा निकाल तक्रारींच्या नोंदवहीत लिहावा लागतो आणि त्याप्रमाणे आकारणी पुस्तकात दुरुस्ती करावी लागते. त्यामुळे "निकाली" या शब्दावर समाधान न मानता त्या नोंदीची आणि आदेशाची प्रमाणित प्रत लेखी मागावी. मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. मात्र त्या उत्तराची वाट पाहत अपिलाची मुदत घालवू नये.

अपिलाची तरतूद अधिनियमाच्या कलम 406 मध्ये आहे. पुणे शहरात लघुवाद न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे आणि इतर शहरांत दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे हे अपील चालते. मुदत फार थोडी असते; ज्या दिवशी हरकत निकाली निघाली त्या दिवसापासून पंधरा दिवसांच्या आत अपील दाखल व्हावे, असा हिशेब ठेवूनच चालावे. मूल्याविरुद्धच्या अपिलाला आधी आयुक्तांकडे हरकत घेतलेली असणे आणि ती निकाली निघालेली असणे आवश्यक आहे. हरकत न घेता थेट न्यायालयात गेलेली अपिले याच कारणाने फेटाळली जातात. बिल बजावल्यानंतर अपील केले, तर मागणीची रक्कम महापालिकेकडे जमा करावी लागते. न्यायाधीशांच्या निर्णयाविरुद्ध कलम 411 खाली जिल्हा न्यायालयात जाता येते. त्यासाठी एक महिन्याची मुदत आहे आणि ठरवलेले करयोग्य मूल्य 2,000 रुपयांपेक्षा अधिक असणे किंवा कायद्याचा प्रश्न गुंतलेला असणे आवश्यक आहे. आजच्या काळात 2,000 रुपयांची अट शहरातील बहुतेक घरे सहज पूर्ण करतात. ज्या मूल्याविरुद्ध अपील झालेच नाही ते कलम 413 प्रमाणे अंतिम समजले जाते.

बिल न भरण्याचा सल्ला मी कोणालाही देत नाही. थकीत रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते, म्हणजे वर्षाला 24 टक्के, आणि पुढे मागणीची नोटीस व जप्तीचे अधिपत्र येते. हरकत प्रलंबित आहे एवढ्यावर ही शास्ती थांबत नाही. रक्कम भरावी आणि सोबत पत्र द्यावे की हा भरणा हक्क राखून, आपल्या हरकतीस बाध न येता करण्यात येत आहे. व्यवहारात याला 'अंडर प्रोटेस्ट' भरणा म्हणतात. मूल्य कमी झाले, तर जादा रक्कम पुढील बिलांत वळती करून मागता येते.

या निमित्ताने 'शास्ती' या शब्दाबद्दल एक खुलासा करतो, कारण पत्रांमध्ये दोन वेगळ्या गोष्टींसाठी तो वापरलेला दिसतो. वर सांगितलेली शास्ती विलंबाची आहे. दुसरी शास्ती कलम 267 अ खालील, म्हणजे परवानगीशिवाय केलेल्या बांधकामावरची. मूळ तरतुदीत ती मालमत्ता कराच्या दुप्पट ठेवली होती, आणि पिंपरी-चिंचवड परिसरात 'शास्तीकर' या नावाने ती अनेक वर्षे वादाचा विषय राहिली. ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. आपल्या बिलात ही दुसरी रक्कम असेल, तर त्यासाठी मूल्यावरची हरकत उपयोगाची नाही. त्यासाठी बांधकाम परवानगीचे कागद दाखवावे लागतील.

आपल्या 34 जणांपैकी ज्यांची मुदत टळली असेल, त्यांच्यासाठीही मार्ग संपलेला नाही. आकारणी पुस्तक दरवर्षी नव्याने तयार करावेच लागत नाही; ते चार वर्षांपर्यंत पुढे चालवता येते. मात्र जुनेच पुस्तक चालवले तरी दरवर्षी जाहीर नोटीस द्यावी लागते आणि हरकतीचे नियम दरवर्षी लागू होतात. म्हणजे पुढील वर्षाच्या मूल्यासाठी हरकतीची संधी पुन्हा मिळते. शिवाय वर्षाच्या मध्येही संबंधित व्यक्तीच्या निवेदनावरून पुस्तकात दुरुस्ती करण्याचा अधिकार आयुक्तांना नियम 20 ने दिला आहे. क्षेत्रफळाची बेरीज चुकणे किंवा एकच सदनिका दोनदा नोंदली जाणे, अशा उघड चुकांसाठी हे निवेदन उपयोगी पडते. दराच्या वादासाठी त्याचा फारसा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही. जाहीर नोटीस वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, लिलाव आणि निविदा यांच्या शेजारी बारीक अक्षरात येते. सोसायटीतील एखाद्या सदस्याने त्या काळात ती रोज पाहण्याचे काम घ्यावे.

प्रश्न : पुण्यात आम्ही नुकतीच सदनिका विकत घेतली असून तेथेच राहतो. बिलात स्वतः राहण्याबद्दलची 40 टक्के सवलत दिसत नाही, मात्र शेजाऱ्यांच्या बिलात ती आहे. यासाठी मूल्यावर हरकत घ्यावी लागेल का?

उत्तर : नाही. हा मूल्य चुकल्याचा प्रश्न नसून सवलतीची नोंद न झाल्याचा आहे. मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतीच्या वार्षिक भाडेमूल्यात 40 टक्के सवलत देण्याची पुणे महापालिकेची पद्धत 1970 पासूनची आहे. मध्यंतरी राज्य शासनाने या सवलतीचा ठराव विखंडित म्हणजे रद्द केल्याने अनेकांना सवलतीविना आणि फरकाच्या रकमेसह बिले गेली. 2023 साली राज्य मंत्रिमंडळाने ही सवलत पुन्हा लागू करण्यास मान्यता दिली. त्याच वेळी पुण्यातली 15 टक्के देखभाल वजावट कायद्याप्रमाणे 10 टक्क्यांवर आली.

सवलतीसाठी पीटी-3 नावाचा अर्ज आहे. त्यासोबत आपण स्वतः त्या घरात राहता असे सोसायटीचे पत्र, मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस कार्ड किंवा शिधापत्रिका यांपैकी राहत्या पत्त्याचा पुरावा, आणि शहरात दुसरी मिळकत असल्यास तिच्या बिलाची प्रत लागते. आपले आधारपत्र अजून जुन्या पत्त्यावर आहे असे आपण लिहिता. ते आधी बदलून घ्यावे, कारण कागदावरचे पत्ते जुळत नसतील तर अर्ज अडतो. खरेदीखतानंतर कर खात्यात नाव लागले आहे का, हेही पाहावे. पूर्वीच्या मालकाने सदनिका भाड्याने दिली असेल तर तीच नोंद आपल्या वाट्याला आलेली असते, आणि माझ्या मते आपल्या बाबतीत तेच घडले असावे.

प्रश्न : मुंबईत आमची सदनिका आहे. करारनाम्यात क्षेत्रफळ 498 चौरस फूट चटई असे लिहिले आहे, पण महापालिकेच्या नोंदीत ते 505 आहे. त्यामुळे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळणारी करमाफी आम्हाला नाकारली जाते. सात फुटांसाठी भांडावे का?

उत्तर : या सात फुटांसाठी अवश्य भांडावे. बृहन्मुंबईत 46.45 चौरस मीटर, म्हणजे 500 चौरस फूट चटई क्षेत्रापर्यंतच्या निवासी सदनिकांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. त्यापूर्वी 2019 च्या दुरुस्तीने केवळ सर्वसाधारण कर माफ झाला होता. ही माफी रेषेच्या अलीकडे पूर्ण आणि पलीकडे शून्य असल्यामुळे इतर शहरांत ज्या चुकीने वर्षाला शंभर-दोनशे रुपयांचा फरक पडेल, त्याच चुकीने येथे संपूर्ण कर लागतो. नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशातील आपल्या सदनिकेचा भाग आणि नोंदणीकृत वास्तुविशारदाने प्रत्येक खोलीचे माप लिहून दिलेला तक्ता, असे तिन्ही कागद देऊन संयुक्त मोजणी मागावी. मात्र पूर्वीच्या मालकाने बाल्कनी आत घेतली असेल, तर मोजणीने नुकसानही होऊ शकते. म्हणून आधी स्वतःच्या वास्तुविशारदाकडून माप घ्यावे आणि मग अर्ज करावा.

मुंबईची पद्धत इतर शहरांहून वेगळी आहे. तेथे 1 एप्रिल 2010 पासून भांडवली मूल्यावर कर लागतो. शासनाच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यातील दर मूळ धरून त्याला वापर, बांधकामाचा प्रकार आणि इमारतीचे वय यांचे भारांक, म्हणजे मूल्य कमी-अधिक करणारे गुणक, लावले जातात. त्यामुळे येथे 'अपेक्षित भाडे जास्त धरले' हा युक्तिवाद लागू पडत नाही. भारांक चुकला का, हे पाहावे लागते. जुन्या इमारतीचे बांधकाम वर्ष चुकीचे नोंदले असेल, तर वयाचा लाभ जातो. भांडवली मूल्याच्या नियमांपैकी 20, 21 आणि 22 हे तीन नियम मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2022 रोजी तो निर्णय कायम ठेवला. अनेक वाचक हा निकाल जोडून अर्ज करतात. परंतु त्याचा गाभा जमिनीवर भविष्यात होऊ शकणाऱ्या बांधकामाचे मूल्य आजच धरू नये असा आहे, आणि आपल्या क्षेत्रफळाच्या वादाला त्याची गरज नाही. हरकत फेटाळली गेली, तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 च्या कलम 217 खाली लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांकडे अपील करता येते.

प्रश्न : गावातील आमचे वडिलोपार्जित घर माती-विटांचे आहे. पुढे एक स्लॅबची खोली दहा वर्षांपूर्वी बांधली. ग्रामपंचायतीने आता संपूर्ण घर आरसीसी दाखवून कर लावला. ग्रामपंचायतीविरुद्ध कोठे दाद मागावी?

उत्तर : ग्रामपंचायतीचा कर महाराष्ट्र ग्रामपंचायत कर व फी नियम, 1960 प्रमाणे ठरतो. डिसेंबर 2015 मधील दुरुस्तीनंतर गावातही भांडवली मूल्य आले आहे. इमारतीच्या क्षेत्रफळाला जमिनीच्या वार्षिक दराने गुणून एक रक्कम काढतात. त्याच क्षेत्रफळाला बांधकामाच्या प्रकाराचा दर आणि वयानुसार घसाऱ्याचा दर लावून दुसरी रक्कम काढतात. आणि दोन्हींच्या बेरजेला वापराचा भारांक लावतात. आपल्या घराचा प्रकार बदलल्यामुळे बांधकामाचा दर वाढला आणि संपूर्ण घर दहा वर्षांचे धरले गेले असल्यास घसाऱ्याचा लाभही गेला. म्हणजे एकाच चुकीचा फटका दोन ठिकाणी बसला आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांकडून, नमुना 8 चा उतारा घ्यावा. त्यात बांधकामाचा प्रकार, वर्ष आणि क्षेत्रफळ लिहिलेले असते. मातीच्या भागाची आणि स्लॅबच्या खोलीची नोंद दोन वेगळ्या ओळींत, दोन वेगळ्या वर्षांसह करावी असा अर्ज प्रथम ग्रामपंचायतीकडे द्यावा आणि जुन्या नमुना 8 ची नक्कल सोबत जोडावी, कारण मातीचे घर किती जुने आहे याचा तोच सर्वांत सोपा पुरावा असतो. अर्ज मान्य झाला नाही, तर पंचायत समितीकडे अपील करावे. गावातल्या गावात वाद नको म्हणून अनेक जण तोंडी सांगून येतात आणि पुढच्या वर्षी तीच नोंद पुन्हा येते. म्हणून अर्ज लेखीच असावा आणि त्याची पोच घ्यावी. स्लॅबच्या खोलीवर आरसीसीचा दर लागणारच आहे, ते अर्जात आपणहून मान्य करावे.